हो आणि नाहीच्या मधले आर्चडीकन

आमच्या धर्मप्रांतातलं आर्चडीकन हे पद ज्या दिवशी रद्द झालं, त्या दिवशी आर्चडीकन थिओफिल बनसोडे नेहमीपेक्षा पाच मिनिटं लवकर ऑफिसात आले. पद रद्द केल्याचा ठराव त्यांनी स्वतः टाइप केला, तीन प्रती काढल्या, बोटाला लागलेला कार्बन रुमालाला पुसला आणि खाली सही केली : थि. बनसोडे, आर्चडीकन. शिपायानं विचारलं, "साहेब, दारावरची पाटी काढायची का आता?"

"ठरावात पाटीचा उल्लेख नाही," साहेब म्हणाले.

पाटी राहिली. साहेबही राहिले.

हे ऐक्याच्या वेळचं. विलायतेच्या मिशननं उभी केलेली आमची मंडळी, म्हणजे आमची चर्चसंस्था, अमेरिकेच्या मिशननं उभी केलेली शेजारची मंडळी, आणखी दोन-चार लहानमोठ्या, या सगळ्यांची मिळून देशात एक मंडळी झाली. तोवर नगरमध्ये आमचे लोक एकमेकांच्या लग्नाला जात, मयतीला जात, पण एकमेकांच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जात नसत. येशूच्या एका भाकरीचे आम्ही इतके तुकडे केले होते की कोणता कुणाचा हे सांगायला ऑफिस लागत होतं. त्या ऑफिसाचे साहेब म्हणजे बनसोडे.

ज्यांना आमची रचना ठाऊक नाही त्यांना सरकारी भाषेत सांगतो. बिशप म्हणजे कलेक्टर. आर्चडीकन म्हणजे प्रांतसाहेब. पाळक म्हणजे मामलेदार. आणि खेड्यातला उपदेशक, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, तो म्हणजे कोतवाल. सगळं काम तो करतो आणि त्याला कुणी खुर्ची देत नाही. मास्तरनं शाळा चालवायची, प्रार्थना घ्यायची, आजाऱ्याजवळ बसायचं, मेलेल्याला माती द्यायची. फक्त भाकर आणि प्याला यांना त्यानं हात लावायचा नाही. त्यासाठी दीक्षा झालेला पाळक लागतो, आणि दीक्षा म्हणजे बिशपनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं. तो हात पहिल्या प्रेषितांपासून डोक्याडोक्यांवरून आमच्यापर्यंत चालत आलेला आहे, अशी आमच्या मंडळीची श्रद्धा. पारनेरच्या माळापर्यंत मात्र त्याला कधी एस.टी. मिळाली नाही.

मी तेव्हा मिशनच्या शाळेत शिकवत होतो आणि चार मित्र मिळून एक पत्रक काढत होतो. नव्या घटनेप्रमाणे धर्मप्रांताच्या कौन्सिलवर एक तरुण प्रतिनिधी हवा होता. मी उभा राहिलो आणि दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून निवडून आलो. त्यामुळे साहेबांना मी तीन वर्षं टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं.

बुटका, तुकतुकीत माणूस. पांढरा सदरा, पांढरी पॅन्ट, गळ्याला पाळकाची पांढरी पट्टी आणि डोक्यावर सोला टोपी. गोरे साहेब गेले तेव्हा बंगल्याच्या खुंटीवर ती राहिली होती असं लोक म्हणत. बोलणं जुन्या शास्त्राच्या भाषांतरासारखं. चहा गार झाला असेल तर "हा चहा कोमट आहे, तो उष्ण नाही व शीतही नाही," असं म्हणत, पण पीत. कुणी काही मागायला आलं की डोळे मिटून मान हलवत. मागणाऱ्याला वाटे, होकार आहे. बाहेर गेल्यावर शिपाई सांगे, "तसं नसतं ते. साहेब ऐकतात तेव्हा तसं हलतात."

हो म्हणणं आणि नाही म्हणणं या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच उद्धट वाटत. "उपसमिती नेमू," हे त्यांचं उत्तर. एकदा अमेरिकन मंडळीतले एक म्हातारे पाळक चिडून म्हणाले, "अहो बनसोडे, प्रभू परत येईल त्या दिवशीही तुम्ही उपसमिती नेमाल!"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "प्रभू येईल तेव्हा येईल. तोवर कमिटी आहे."

त्यांना विनोद करता येत नव्हता. म्हणून ते वाक्य जास्त भयंकर.

आमच्या पत्रकात मी त्यांच्यावर दीड पान लिहिलं. मथळ्यातच 'रेव्हरंड ढोंगी' म्हटलं होतं. आठवड्यानं ते पत्रक पोस्टानं मला परत आलं. 'रेव्हरंड' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात सुबक अक्षरात लिहिलं होतं : "पदवी चुकली. आर्चडीकनच्या नावामागे 'व्हेनरेबल' लावतात." पुढच्या शब्दाला हात लावलेला नव्हता.

पण साहेबांचा खरा जीव होता मिरवणुकीत. मोठ्या उपासनेच्या वेळी आमचे पाळक जोडीजोडीनं चर्चमध्ये शिरतात. पुढं क्रूस धरणारा, मग गाणारे, मग धाकटे पाळक, मग थोरले आणि सगळ्यांच्या शेवटी बिशप. जो जितका मोठा तो तितका मागं. ही रांग लावण्याचं काम साहेबांचं. त्यांच्याजवळ टाइप केलेली यादी असे, तीत प्रत्येकाच्या दीक्षेचं साल आणि उंची. होय, उंची. ताडमाड माणसाशेजारी ठेंगू माणूस आला की त्यांना उपासना लागत नसे. "जोडी फुटता कामा नये," ते म्हणत. "नोहाच्या तारवातसुद्धा जोड्याच होत्या."

मागं राहण्याची ही सवय अंगात इतकी मुरली होती की एस.टी.तून उतरताना ते सगळ्यांना पुढं जाऊ देत आणि मग कंडक्टरकडं पाहत. कंडक्टर म्हणे, "उतरा की पाव्हणं, का पुन्यालाच येताय परत?"

आम्ही यावर फार हसायचो. मग एकदा कुणीतरी सांगितलं की साहेबांचे वडील श्रीगोंद्याकडच्या एका गावात येसकर, म्हणजे वेशीचे राखणदार, होते. गावच्या वरातीत, पालखीत त्यांना सगळ्यांच्या मागं, अंतर राखून चालावं लागे. पोरानं मिशनच्या बोर्डिंगात राहून एक असा धर्म शोधून काढला की ज्यात मागं चालणारा मोठा. हे कळल्यावर मी काही दिवस हसलो नाही. पण ज्यानं स्वतःच्या पाठीवरचं ओझं ओळखलं त्यानं ते दुसऱ्याच्या पाठीवर ठेवू नये, एवढी अपेक्षा मी करतो. ती साहेबांनी पुरी केली नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

ऐक्याची आमच्याकडची उपासना नगरच्या मोठ्या चर्चमध्ये झाली. दोन्हीकडचे सगळे पाळक एकत्र येणार, वेदीपुढं गुडघे टेकणार आणि बिशपसाहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवणार. आमचे म्हणत, अमेरिकन मंडळीच्या पाळकांना खरी दीक्षा मिळालेलीच नाही. ते म्हणत, आम्हाला मिळाली आहे, तुम्ही कोण विचारणारे? मग वरच्या शहाण्यांनी तोड काढली. सगळ्यांच्याच डोक्यावर हात ठेवायचा आणि प्रार्थना करायची की देवा, यांच्यात ज्याला जे उणं असेल ते तू पुरं कर. कुणाला काय उणं होतं हे देवावर सोपवलं. मला ही तोड आवडली होती. भांडण मिटवायला देवाचा उपयोग झालेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मी दाराशी उभा राहून छापील कागद वाटत होतो. घंटा व्हायला पाच मिनिटं उरली आणि साहेब यादी घेऊन माझ्यासमोरून धावत गेले. श्रीरामपूरकडच्या एका पाळकाची एस.टी. चुकली होती. चव्वेचाळीसाचे त्रेचाळीस झाले होते. जोडी फुटली होती.

मागच्या भिंतीला खेड्यांतले मास्तर उभे होते. साहेबांनी त्यांच्यावरून नजर फिरवली, जशी शिंपी कापडावरून फिरवतो, आणि एकाच्या दंडाला धरलं. "तुम्ही. उंचीला बरोबर आहात. चला."

तो शांतवन मास्तर. पारनेर तालुक्यातल्या बोरमळ्याचा. उंच, काटक, साठीला टेकलेला, धोतर गुडघ्याच्या जरा खाली. "कुठं सायब?" एवढं तो म्हणाला. साहेबांनी न आलेल्या पाळकाचा धुवून ठेवलेला झगा त्याच्या डोक्यातून घातला, रांगेत त्याला एका ताडमाड अमेरिकन पाळकाशेजारी उभं केलं, दोन पावलं मागं येऊन जोडी पाहिली आणि समाधानानं श्वास सोडला. मग घंटा झाली आणि साहेब आपल्या मागच्या जागेकडं धावले. वेदीपाशी पोचल्यावर बाजूला व्हायचं, एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं.

शांतवन मास्तर शेजारच्यासारखा चालला. शेजारच्यानं गुडघे टेकले, यानं टेकले. बिशपसाहेब आले, त्यांनी डोक्यावर दोन्ही हात ठेवले, प्रार्थना म्हटली आणि पुढच्या डोक्याकडं गेले. मी खांबाआडून साहेबांचा चेहरा पाहिला. त्यांना ते दिसलं होतं. पण मिरवणुकीतला माणूस ओरडत नाही.

आठ दिवसांनी बोरमळ्याहून शांतवनचं पोस्टकार्ड आलं. ते कौन्सिलपुढं आलं म्हणून मी वाचलं. लिहिलं होतं : 'माझ्या डोक्यावर बिशपसाहेबांनी हात ठेवला. गाव म्हणते तुम्ही आता पाळक झालात, भाकर द्या. आमच्याकडे पाळक येऊन आठ महिने झाले. मी झालो का नाही? हो का नाही तेवढे कळवावे. हो असेल तर देईन. नाही असेल तर देणार नाही.'

हो का नाही! साहेबांना याहून क्रूर प्रश्न कुणी विचारला नसेल.

हो म्हणावं तर सहावी शिकलेला, धोतर नेसणारा मास्तर वेदीपुढं त्यांच्या बरोबरीनं उभा राहणार. नाही म्हणावं तर ज्या अमेरिकन पाळकांवर तोच हात, त्याच प्रार्थनेनं, त्याच दिवशी ठेवला ते विचारणार, मग आमचं काय? आणि काहीही म्हटलं तरी पुढचा प्रश्न येणार : त्याला रांगेत घेतलं कुणी?

कौन्सिलच्या बैठकीला शांतवनला बोलावलं. पायऱ्यांवर चपला काढून तो आत आला. बिशपसाहेब भले होते. भला माणूस वर बसला की त्याच्याखाली आर्चडीकन लागतो. ते म्हणाले, "मला खरंच आठवत नाही हो, बनसोडे. इतकी डोकी होती. हां, एका डोक्याला तेल फार होतं. माझे हात नंतर पुस्तकाला चिकटत होते."

शांतवनचा चेहरा उजळला. "त्ये माजंच, सायब! सोनीनं चोपडलं हुतं. म्हनली शहरात चाललाय, नीट दिसा."

सोनी म्हणजे सोनाबाई, त्याची बायको. बैठक हसली. बिशपसाहेबही हसले. साहेबांनी मिनिट बुकात लिहिलं : तेलाबाबत चर्चा झाली.

मग ते उठले आणि शास्त्राच्या भाषेत म्हणाले, "प्रिय बंधू शांतवन, आपण चुकून वेदीजवळ गेलात, असं आपण लिहून द्यावं. मग हे प्रकरण प्रीतीनं मिटेल."

"चुकून न्हाई गेलो, सायब. नेलं तितं गेलो."

"कुणी नेलं?" बिशपसाहेबांनी विचारलं.

शांतवननं साहेबांकडं पाहिलं. साहेब पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. मला वाटलं, आता बोलतील. एक वाक्य होतं, 'मी नेलं.' तेवढ्यानं एका माणसाचं नाव राहिलं असतं.

"गर्दी लई हुती, सायब," शांतवन म्हणाला.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी दाराशी होतो. मी पाहिलं, कुणी नेलं ते."

साहेबांनी डोळे न उचलता म्हटलं, "तरुण प्रतिनिधींचा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही. पुढील बैठकीसाठी लेखी द्यावा."

मी लेखी दिला. पुढल्या बैठकीत तो उपसमितीकडं गेला. उपसमितीचे चिटणीस स्वतः साहेब. तोवर मी पत्रकात सगळं छापलं आणि मोठ्या ऐटीत एक प्रत बोरमळ्याला नेली. शांतवननं ती सावकाश वाचली आणि घडी करून मला परत दिली.

"कशापाई छापलंस, गुरुजी? त्यांनी मला हाताला धरून नेलं. गोऱ्या सायबाच्या वक्तापासनं इतक्या वरसांत कुनी दंडाला हात लावला न्हवता."

मला त्याचा राग आला. अजूनही थोडा येतो.

उपसमिती बसलेली असतानाच बहात्तरचा दुष्काळ आला. नगरच्या मिशनच्या आवारात एक विहीर होती, तिला पाणी होतं. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायका हंडे घेऊन फाटकाशी आल्या. साहेबांनी अर्थातच उपसमिती नेमली. पण तिची बैठक चालू असताना बायकांनी फाटक ढकललं आणि त्या आत आल्या. खिडकीतून दिसत होतं, कळशीवर कळशी चालली होती. सदस्य घाबरले. "साहेब, आता काय करायचं?" साहेबांनी चष्मा पुसला, खिडकीकडं पाठ केली आणि मिनिट बुकात लिहिलं : विहिरीच्या पाण्याची पातळी तपासण्याच्या कामी स्थानिक भगिनींची मदत घेण्यात येत आहे, तपासणी पाऊस पडेपर्यंत चालू राहील.

आणि चालू राहिली. त्या उन्हाळ्यात त्या वाक्यावर चार वस्त्या जगल्या. मी कबूल करतो, ते वाक्य माझ्या सगळ्या पत्रकांहून उपयोगी होतं. म्हणूनच पुढचं मला क्षमा करवत नाही. या माणसाला वाट काढता येत होती. पाण्याला वाट काढताना त्याला स्वतःची चूक कबूल करावी लागत नव्हती, एवढाच फरक.

शांतवननं आणखी दोन पोस्टकार्डं टाकली. हो का नाही. उत्तर गेलं, 'आपले पत्र मिळाले.' बोरमळ्याला पाळक गेला नाही, कारण रस्ता नव्हता. दुष्काळी कामावर बोरमळ्याच्याच लोकांनी खडी फोडून रस्ता केला. रस्ता झाला तरी पाळक गेला नाही, कारण आता प्रकरण न्यायप्रविष्ट होतं. सोनाबाईच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यातून तिला परत पाठवलं. ती म्हणाली, एकदा भाकर घेते मग देव नेऊ दे. शांतवननं शेवटचं कार्ड टाकलं : 'ईस्टरला तुम्ही यावे, नाहीतर मी देतो.'

मी आदल्या संध्याकाळीच सुप्यापासून सायकल मारत बोरमळ्याला पोचलो होतो. सकाळी नऊच्या सुमाराला मिशनची जीप त्या नव्या खडीवरून खडखडत आली. पोरं पुढं पळाली. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि दगडमातीच्या भिंती. दाराशी बाजेवर सोनाबाई. पासोडीत ती दिसतही नव्हती, फक्त कपाळ आणि डोळे.

"सलाम, सायब," शांतवन म्हणाला. "आलात! लई बरं झालं."

"सलाम. मी प्रशासकीय कामानं आलो आहे, शांतवन." साहेबांच्या मांडीवर फाइल होती आणि फाइलवर लांबट पाकीट. कौन्सिलनं परवानगीविना विधी केल्यास मास्तरकीवरून कमी करण्याचा हुकूम काढून ठेवला होता. तो द्यायला ते आले होते.

शांतवनला पाकीट दिसलं. तो जीपच्या पायरीजवळ आला. "सायब, माजं ऱ्हाऊ द्या. मी बाजूला हुतो. तुमी द्या भाकर. तुमी तर पाळक हाव. सोनीला तुमच्या हातनं मिळंल, गावाला मिळंल. मी पुन्यांदा इचारनार न्हाई, व्हय का न्हाई."

बाजेवरून सोनाबाई म्हणाली, "आदी च्या तर द्या सायबास्नी. लांबनं आल्यात."

किती सोपं होतं! खाली उतरायचं, बारा पावलं चालायचं.

"विधीची तयारी करून मी आलेलो नाही," साहेब म्हणाले. "झगा आणलेला नाही."

"माजा घ्या की. त्या दिशीचाच हाय. कुनी परत मागितला न्हाई."

साहेब दचकले. "तो झगा धर्मप्रांताची मालमत्ता आहे. त्याची स्वतंत्र चौकशी होईल."

मी पुढं झालो होतो. शांतवननं हातानंच मला थांबवलं. तो बराच वेळ साहेबांकडं पाहत राहिला, रागानं नाही, आजाऱ्याकडं पाहावं तसा. मग म्हणाला, "बरं. मंग बसा तुमी," आणि आत गेला.

साहेबांनी ड्रायव्हरला जीपचा चर्चच्या बाजूचा ताडपत्रीचा पडदा सोडायला सांगितलं. पडद्याआड बसलेल्या माणसानं काही पाहिलं असं कुणाला म्हणता येत नाही.

आत शांतवननं तो झगा घातला. भाकर म्हणजे घरची पोळी होती आणि द्राक्षारस म्हणजे भिजवलेल्या मनुकांचं पाणी. साठ-सत्तर माणसं असतील, सगळ्यांची तोंडं उन्हानं काळवंडलेली. त्यानं प्रार्थना पुस्तकातून वाचली नाही, तीस वर्षं ऐकून पाठ झाली होती. मग त्यानं भाकर मोडली. पहिला तुकडा घेऊन तो दाराशी आला आणि बाजेशेजारी गुडघे टेकून त्यानं तो सोनाबाईच्या जिभेवर ठेवला. तिनं तो बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाली, "जावा आता, बाकीची खोळंबल्यात."

सगळ्यांना देऊन झालं. इथं आमचा एक नियम सांगायला हवा. दीक्षा झालेल्या पाळकानं प्रार्थना केली की ती भाकर साधी राहत नाही. तिचा कणही उरू द्यायचा नाही, सांडू द्यायचा नाही. उरेल ते पाळकानं तिथंच खाऊन टाकायचं. दुसऱ्या कुणी, म्हणजे मास्तरनं, कितीही प्रार्थना केली तरी पोळी ती पोळीच. चिमण्यांना टाकली तरी चालते.

शांतवन पितळी ताटली घेऊन बाहेर आला. तीत एक तुकडा होता. त्यानं जीपचा पडदा वर केला.

"येक ऱ्हायलाय, सायब. तुमच्यासाटी ठिवला. घेता?"

साहेब समोर बघत होते. टोपी मांडीवर होती, टक्कल घामानं चमकत होतं.

"शांतवन," ते म्हणाले, "मी इथं नाही."

"बरं." शांतवननं तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. ताटलीवरून बोट फिरवलं, बोट चाटलं आणि ताटली बगलेत मारून तो वळला.

"थांबा!"

साहेब जीपमधून अर्धे बाहेर वाकले होते. इतका मोठा आवाज त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"कण राहिलाय. तिकडं, काठाला. सांडेल तो."

शांतवननं ताटली पाहिली. काठाच्या खाचेत खसखशीएवढा कण होता. त्यानं बोटाच्या टोकानं तो हलकेच उचलला, जिभेवर ठेवला आणि मान वर केली. ड्रायव्हर बिडी पेटवायची विसरला होता.

"मंग व्हय का, सायब?" शांतवननं अगदी हळू विचारलं.

आपण काय बोलून बसलो ते साहेबांच्या ध्यानात येत होतं, आणि ते मागं घ्यायला कोणतीही उपसमिती पुरली नसती. त्यांनी मागं घेतलंही नाही. चाचपडत पाकीट उचललं, पोचेचा कागद पुढं केला, पेनाचं टोपण काढून दिलं. "इथं सही करा," म्हणाले. शांतवननं जीपच्या बॉनेटवर कागद टेकवून सही केली, पेन पुसून परत दिलं, पाकीट न फोडता बंडीच्या खिशात घातलं आणि सोनाबाईची बाज सावलीत ओढायला निघून गेला.

जीप वळली. पडदा बांधायचा राहिला होता, तो फडफडत होता. त्यामागं साहेब बसलेले दिसले. मांडीवर बंद फाइल होती, आणि फाइलच्या काळ्या पुठ्ठ्यावर जिथं काहीच नव्हतं तिथं, कण टिपावा तसं, त्यांनी बोटाचं टोक दाबून धरलं होतं. खडीवर जीप गचके खात होती तरी ते बोट त्यांनी उचललं नाही.